खालून पाहिलेली गाडी

माझदा मियाटाचा ऑइल फिल्टर जिथे बसवला आहे ती जागा ज्या कोणी ठरवली, त्याने तो फिल्टर एकदाही स्वतःच्या हाताने बदलला नसणार, अशी या गाडीच्या मालकांची जुनी खात्री आहे. इंजिनाच्या उजव्या अंगाला, इनटेक मॅनिफोल्डच्या पोटाखाली तो असा दडलेला आहे की वरून दिसत नाही आणि खालून हात घातला तर कोपर अडकतं. बरं, सैल झाला की आतलं उरलेलं तेल आधी मनगटावर येतं, तिथून बाहीत शिरतं, आणि मग पुढच्या आडव्या लोखंडी चौकटीवर पसरून दोन दिवस थेंब थेंब गळत राहतं. नवख्या मालकाला वाटतं, इंजिनच गळायला लागलं.

डेट्रॉइटच्या एका उपनगरात राहणाऱ्या पुणेकर इंजिनिअरने यावर आपला तोडगा काढला आहे. पुढचं उजवं चाक काढायचं, चाकाच्या पोकळीतून हात घालायचा, फिल्टरवर आधी एक प्लास्टिकची पिशवी चढवायची आणि पिशवीसकट तो फिरवत काढायचा. तेल पिशवीत, फिल्टर पिशवीत, बाही कोरडी. चाक काढायला लागणारी दहा मिनिटं त्याला मुळीच जड वाटत नाहीत, कारण त्या निमित्ताने ब्रेकपॅड किती झिजलेत तेही दिसतं.

गाडी 1996 सालची, लाल, दोन आसनांची, कापडी छताची. 1.8 लिटरचं इंजिन, 133 अश्वशक्ती, वजन जेमतेम टनभर. आजच्या हिशेबाने हे आकडे कोणाला स्पोर्ट्स कारचे वाटणारही नाहीत, शेजारच्याची मिनीव्हॅन हिच्यापेक्षा दुपटीने ताकदवान आहे. पण या गाडीची गंमत ताकदीत कधी नव्हतीच. बॉब हॉल नावाच्या अमेरिकन मोटार-पत्रकाराने 1970 च्या दशकाच्या अखेरीस माझदाच्या केनिची यामामोतोंना सुचवलं, की जुन्या ब्रिटिश रोडस्टरसारखी हलकी, उघडी, स्वस्त गाडी आता कोणी बनवत नाही, तुम्ही बनवा. फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती लोकांसमोर आली आणि एप्रिल 2016 मध्ये दहा लाखावी गाडी तयार झाली. उघड्या छताच्या दोन आसनी स्पोर्ट्स कारमध्ये एवढी दुसरी कुठलीच खपलेली नाही. डेट्रॉइटच्या दक्षिणेला फ्लॅट रॉक इथे माझदाचा कारखाना होता, त्यामुळे या भागातल्या कित्येकांना वाटतं की मियाटा इथलीच. ती नेहमी हिरोशिमाहून आली.

महाराष्ट्रात माझदा म्हटलं की अजूनही डोळ्यापुढे येते ती शाळेची बस. ‘स्वराज माझदा’च्या बसेस आणि छोटे ट्रक आपल्याकडे गावोगाव दिसत. मियाटा भारतात रीतसर विकायला कधी आलीच नाही. आपल्या आईला फोनवर ‘माझदा घेतली’ असं या गृहस्थाने सांगितलं, तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला होता, ‘अरे, एवढी माणसं कोण बसणार त्यात?’

त्याची नोकरी मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत. दिवसभर पडद्यावर छोट्याशा ब्रॅकेटची जाडी पाव मिलिमीटरने कमी करता येईल का, याचा खल. हाताला काळं लागण्याचा प्रसंग नाही. त्यामुळे मजुरी वाचवायला तो घरी काम करतो, हा त्याच्या बायकोला पटवलेला मुद्दा तितकासा खरा नाही. मजुरी वाचते, पण जॅक, स्टँड, टॉर्क रेंच, गिअर ऑइलचा हातपंप, हे सगळं विकत घेतलं की बेरीज-वजाबाकी बरीच वर्षं लाल शाईतच राहते. खरं कारण असं, की जुनी स्पोर्ट्स कार दुसऱ्याच्या हाती दिली की कोणी तिच्याकडे नीट बघत नाही. इंजिन ऑइल बदललं, स्टिकर लावला, झालं. गिअरबॉक्समध्ये काय आहे, डिफरन्शिअलमध्ये काय आहे, ब्रेकच्या नळ्यांत किती वर्षांचं काय साचलंय, हे विचारायला लागतं. आणि विचारणारा तोच असेल तर बदलणाराही तोच का नसावा?

काम ऑक्टोबरात निघतं. मिशिगनमध्ये थंडीत रस्त्यांवर मीठ टाकतात, ते जुन्या गाडीचा पत्रा खातं, म्हणून मियाटा हिवाळाभर गॅरेजमध्ये झाकून ठेवायची. वापरलेल्या तेलात ज्वलनातून आलेली आम्लं आणि ओलावा असतो. ते तेल पोटात ठेवून गाडी पाच महिने उभी करण्यापेक्षा ताजं भरून उभी करावी, हे शहाणपणाचं. काम गॅरेजच्या आतच करायचं. दारापुढे गाडी उघडून बसलेला माणूस अमेरिकन वसाहतींच्या नियमावल्यांना फारसा खपत नाही.

गाडी उचलणं हा या कामातला सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात गंभीर भाग. जॅक हा उचलण्यापुरता. त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरणारा माणूस धाडसी म्हणावा की कसा, हे ज्याने त्याने ठरवावं. पुढे आडव्या चौकटीच्या मध्यावर आणि मागे डिफरन्शिअलखाली जॅक लावून चारही कोपऱ्यांना स्टँड द्यायचे, मग बंपर धरून गाडी जोरात हलवून बघायची. चारही स्टँड हवेत, कारण गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअलमध्ये तेल किती, ते मोजायला पट्टी नसते. बाजूच्या भोकातून तेल ओघळायला लागलं की भरलं, हे माप. आणि गाडी तिरकी असेल तर ते माप खोटं.

इंजिन ऑइलबद्दल थोडक्यात, कारण त्यावर जगात आधीच गरजेपेक्षा जास्त बोललं गेलं आहे. इंजिन थोडा वेळ चालवून कोमट करायचं म्हणजे तेल पातळ होतं आणि गाळ तरंगत बाहेर येतो. प्लगखालचा वायसर दर वेळी नवा. प्लग 30 ते 40 न्यूटन-मीटर इतकाच आवळायचा. अ‍ॅल्युमिनियमच्या ऑइल पॅनमध्ये आटे गेले तर ते काम मग घरचं राहत नाही. नवं तेल फिल्टरसकट पावणेचार लिटरच्या आसपास. या पिढीच्या मियाटात व्हॉल्व्हची फट तेलाच्या दाबाने आपोआप जुळवणारे छोटे हायड्रॉलिक टॅपेट असतात. थंड इंजिन सुरू केलं की ते टिकटिक वाजतात. कोणत्या कंपनीच्या तेलाने ती टिकटिक थांबते यावर मियाटावाले हमरीतुमरीवर येतात. या गृहस्थाचं मत असं, की योग्य दर्जाचं कुठलंही तेल वेळेवर बदललं तर टिकटिक कमी होते, आणि महागातलं महाग तेल दोन वर्षं तसंच ठेवलं तर वाढते. एवढं बोलून तो वादातून उठतो.

गिअर ऑइल ही निराळी चीज. गंधकाचा उग्र, कुजकट वास. हाताला लागला तर रात्री जेवतानाही येतो, म्हणून हातमोजे घालायचेच. इथे एक नियम त्याने गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवला आहे: ‘आधी वरचा प्लग.’ भरायचा प्लग सुटतो आहे याची खात्री झाल्याशिवाय खालचा, म्हणजे तेल काढायचा प्लग सोडायचा नाही. जुन्या गाडीत वरचा प्लग गंजून अडकलेला असू शकतो. खालचं तेल सोडून दिलं आणि वरचा निघालाच नाही, तर गाडी गिअरबॉक्स कोरडा ठेवून स्टँडवर बसते, आणि तिला मेकॅनिककडे न्यायलाही टो-ट्रक लागतो.

ट्रेमध्ये पडलेलं गिअर ऑइल तो बॅटरीच्या उजेडात बराच वेळ बघतो. तिरका झोत टाकला की तेलात बारीक सोनेरी चमक दिसते. ती सिंक्रोनायझरच्या पितळी कड्यांची झीज. गिअर बदलताना दोन चाकांचा वेग जुळवायचं काम या कड्या घर्षणाने करतात, तेव्हा थोडी भुकटी पडणारच. ही चमक चालते. चुंबक बसवलेल्या प्लगवर राखाडी लुसलुशीत लेप साचतो, तोही चालतो. नखाला टोचेल असा तुकडा सापडला तर मात्र पुढचा खर्च काढायला बसावं लागतं. या गाडीची सकाळी सकाळी दुसऱ्या गिअरला कुरकुरण्याची सवय आहे. थंड, जाड तेलात कड्यांना पकड मिळायला वेळ लागतो. तेल बदलल्यावर हा फरक पहिल्याच वळणावर हाताला कळतो, आणि त्याच्या मते या सगळ्या उद्योगातलं हेच खरं बक्षीस. इंजिन ऑइल बदलल्याचं चालवताना काही कळत नाही. गिअर ऑइल बदललेलं तळहाताला कळतं.

माझदाच्या पुस्तिकेत गिअरबॉक्सला जीएल-4 किंवा जीएल-5 दर्जाचं 75डब्ल्यू-90 तेल चालतं, दोन लिटर. जीएल-5 मध्ये गंधक-फॉस्फरसची जास्त दाबाची द्रव्यं अधिक असतात आणि काही जुन्या पितळी कड्यांना ती सोसत नाहीत, म्हणून तो गिअरबॉक्सात जीएल-4 घालतो. डिफरन्शिअलमध्ये असली निवड नाही. तिथले हायपॉइड दाते एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घासत सरकतात. तेलाचा साधा थर त्या दाबाखाली फाटतो, म्हणून तिथे जीएल-5 च हवं, साधारण एक लिटर.

आणखी एक कोपरा आहे, तो पुस्तिका चाळणाऱ्यांच्या नजरेतून सुटतो. गिअरची दांडी ज्या कप्प्यात बसते, तिथे स्वतंत्र तेल असतं, चहाच्या कपाला पुरेल एवढंसं. गिअरबॉक्सच्या तेलाशी त्याचा संबंध नाही, खालचे प्लग उघडून ते निघत नाही. आतून, कन्सोल काढून, चामड्याचा बूट, म्हणजे दांडीभोवतीचं आवरण, वर सरकवून, दांडी उपटून बघावं लागतं. त्याने गाडी घेतली तेव्हा त्या कप्प्यात तेलाऐवजी तपकिरी चिखल होता, आणि रबरी बूट फाटल्यामुळे गिअरबॉक्सची धग थेट आत येत होती. उन्हाळ्यात उजव्या पोटरीला चटका का बसतो, याचं उत्तर तिथे सापडलं. नवा बूट टाकला, नवं तेल ओतलं, आणि दांडी लोण्यातून फिरल्यासारखी फिरायला लागली.

आता ब्रेक. सगळे इंजिन ऑइलवर तावातावाने बोलतात आणि ब्रेकच्या द्रवाकडे कोणी ढुंकून बघत नाही. प्राधान्य नेमकं उलटं हवं, असं त्याचं ठाम म्हणणं. आपल्याकडे मेकॅनिक त्याला ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो, पण ते तेल नसतं. नेहमीच्या डॉट-3, डॉट-4 या प्रकारांचा पाया ग्लायकॉल ईथरचा असतो, आणि हा पदार्थ हवेतला ओलावा ओढून घेतो. रबरी होजमधून, टाकीच्या झाकणातून, अगदी बंद असतानाही. ताज्या डॉट-3 चा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असावा असा नियम आहे. त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की किमान अपेक्षा 140 वर येते. डॉट-4 साठी हेच आकडे 230 आणि 155. कॅलिपर तापला, द्रव उकळला, की नळीत वाफ. द्रव दाबला जात नाही म्हणून ब्रेक लागतो, वाफ मात्र दाबली जाते. पेडल दाबलं की पाय थेट जमिनीला टेकतो आणि गाडी चालतच राहते. सपाट शहरात ऑफिस-घर करणाऱ्याला हे सहसा कळत नाही. वॉटरफर्ड हिल्सच्या शर्यतीच्या ट्रॅकवर कळतं, आणि गाडी भरून कुंभार्ली घाट उतरतानाही कळू शकतं.

हा द्रव बदलण्याचं काम दोन माणसांचं. अ‍ॅन आर्बरला एमएस करणारा भाचा या रविवारी जेवायला बोलावला होता. जेवणाआधी काय करायचं आहे, ते त्याला सांगितलं नव्हतं.

‘मी सांगेपर्यंत पाय उचलायचा नाही,’ मामा गाडीच्या मागच्या उजव्या चाकापाशी आडवा पडून म्हणाला. ‘दाब.’

‘दाबलं.’

मामाने कॅलिपरवरचा, द्रव सोडायचा निपल पाव फेरा सोडला. पारदर्शक नळीतून काळ्या चहासारखं काहीतरी बाटलीत गेलं.

‘मामा, पेडल खाली गेलं!’

‘जाऊ दे. धरून ठेव.’ निपल बंद. ‘आता सोड.’

क्रम ठरलेला: मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक पहिलं, म्हणजे डावीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीत मागचं उजवं, मग मागचं डावं, पुढचं उजवं, शेवटी पुढचं डावं. निपल उघडा असताना भाच्याने पाय उचलला तर बाहेरची हवा आत ओढली जाईल आणि सगळं पहिल्यापासून करावं लागेल. दर काही दाबांनंतर टाकीत डोकावायचं, कारण ती रिकामी झाली तरी तेच. पेडलखाली मामाने लाकडाचा एक ठोकळा ठेवला होता. भाच्याला वाटलं, गाडी सरकू नये म्हणून. कारण वेगळं होतं. जुन्या मास्टर सिलिंडरमधला पिस्टन रोजच्या वापरात अर्ध्याच अंतरात फिरतो. पुढच्या भागात गंज आणि मळ बसलेला असतो. पेडल तळापर्यंत दाबलं की पिस्टनची रबरी सील त्या खरखरीत भागावरून घासत जाते आणि फाटते. ब्रेक सुधारायला बसलेला माणूस ब्रेक घालवून उठतो.

‘अजून किती वेळ?’

‘पिवळं येईपर्यंत.’

हे ‘पिवळं’ ओळखणं पूर्वी सोपं होतं. एटीई कंपनी निळ्या रंगाचं ब्रेक फ्लुइड विकायची. एकदा निळं, पुढच्या वेळी पिवळं भरलं की नळीत रंग बदलताना स्पष्ट दिसे. पण अमेरिकेच्या मानकात ब्रेकचा द्रव रंगहीन ते पिवळसर असावा असं लिहिलेलं आहे, आणि 2013 मध्ये तो निळा प्रकार इथल्या दुकानांतून गेला. एवढी सोयीची गोष्ट नियमाने घालवली, याचं या गृहस्थाला अजून वाईट वाटतं. हा द्रव गाडीच्या रंगाचा शत्रू. फेंडरवर थेंब पडला तर पुसत बसायचं नाही, लगेच भरपूर पाण्याने धुवायचं. पाण्यात तो सहज मिसळतो, आणि पाणी शोषण्याची जी त्याची खोड, तीच इथे उपयोगी पडते.

क्लचचा द्रव तसाच, टाकी वेगळी, निपल एकच, गाडीखाली बेलहाउसिंगला लागून. मियाटाचा क्लच स्लेव्ह सिलिंडर गळण्याबद्दल प्रसिद्ध आहे, तेव्हा त्याचं रबर वर करून आत ओल आहे का, ते बघून घेतलं. कोरडं होतं.

कूलंटसाठी वेगळा दिवस, कारण इंजिन पूर्ण थंड हवं. सहा लिटर, निम्मं इथिलीन ग्लायकॉल, निम्मं डिस्टिल्ड पाणी. हे मिश्रण उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही आणि मिशिगनला तेवढं पुरतं. नळाच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जमतात, म्हणून डिस्टिल्डचा आग्रह. भरल्यावर गाडीचं नाक वर करून, हीटर पूर्ण गरम ठेवून इंजिन चालवायचं, म्हणजे अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघून जाते. या काळात झाकणापासून हलायचं नाही. रेडिएटरची वरची प्लास्टिक टाकी मूळची काळी. म्हातारी झाली की तपकिरी-हिरवट पडते आणि मग एके दिवशी चिरते. या गाडीची टाकी कडेने तपकिरी व्हायला लागली आहे. नवा रेडिएटर यादीत गेला.

इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि जहाल विषारी. कुत्री-मांजरं सांडलेलं चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. 2012 च्या अखेरीस अमेरिकन उत्पादकांनी किरकोळ विक्रीच्या कूलंटमध्ये कडू द्रव्य घालायचं मान्य केलं, तरी सांडलेलं लगेच पुसून, मांजरांसाठी ठेवलेल्या वाळूत मुरवून टाकणं हा त्याच्या घरचा नियम. वाळू मांजरांची आणि बचावही मांजरांचाच, हा विनोद त्याच्या मुलीचा.

मग उरतो घाणीचा निकाल. काळं तेल तो झाकणाच्या कॅनमध्ये भरून सुट्या भागांच्या दुकानात नेतो, तिथे ते फुकट घेतात आणि विचारतात, काही मिसळलंय का? मिसळलेलं असेल तर घेत नाहीत, कारण ब्रेक फ्लुइड किंवा कूलंट पडलेलं तेल पुन्हा शुद्ध करणं कठीण. म्हणून ते दोन्ही वेगळ्या बाटल्यांत, वर चिठ्ठी लावून, काउंटीच्या घातक कचऱ्याच्या दिवसाची वाट बघत कपाटाच्या वरच्या फळीवर. एका गाडीचं ओतून दिलेलं तेल दहा लाख गॅलन गोडं पाणी नासवू शकतं, असं अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते. पुण्यात त्याच्या लहानपणी गॅरेजचं काळं तेल पिंपातून थेट सेंट्रिंगच्या फळ्यांना फासायला जायचं. 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे ते अधिकृत शुद्धीकरण करणाऱ्यांकडेच जायला हवं.

भाच्याने हात धुतले, टेबलावर बसला आणि पहिला घास घ्यायच्या आधी पुण्याला फोन लावला. तिकडे रात्र झाली होती.

‘बाबा, आपल्या गाडीचं ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं होतं?’

‘बदलायचं कशाला? कमी झालं की सर्व्हिसिंगला टॉपअप करतात ना.’

मामाने फोन हातातून घेतला. ‘भाऊजी, ते कमी का होतं ते विचारलंत का कधी? गळत नसेल तर पॅड झिजलेत. पॅड झिजले की पिस्टन पुढे येतो, टाकीतली पातळी उतरते. वरून भरलं की पातळी बरोबर दिसते आणि झिजलेल्या पॅडकडे कोणाचं लक्ष जात नाही.’

‘अरे पण गाडी चांगली थांबते.’

‘दिवाळीत गुहागरला कुठून जाणार आहात?’

‘कुंभार्लीतून. दरवर्षीसारखे.’

‘मग जायच्या आधी चाकं काढून पॅड बघायला सांगा. आणि ब्रेक ऑइल सगळं बदलून घ्या, टॉपअप नको. डॉट-4 लिहिलंय का, झाकणावर बघा.’

पलीकडे काही क्षण शांतता. मग दार उघडल्याचा आवाज, आणि ताईचा स्वर: ‘आत्ता रात्री पार्किंगमध्ये कुठे निघालात?’